पंप फिरवण्याआधी

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूरकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर सोनगीर लागते. टेकडीवर जुना किल्ला, गावात तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची पिढीजात वस्ती आणि दोंडाईचाकडे फुटणारा फाटा. या रस्त्यांवर गेली तीस-चाळीस वर्षे एसटीखालोखाल माणसे वाहिली ती डिझेलच्या जीपांनी. महिंद्राच्या कमांडर, मार्शल, अरमाडा, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, पुढे टाटा सुमो आणि घरगुती वापराची इंडिका. यांतल्या पुष्कळ मोडीत निघाल्या, तरी काळीपिवळी म्हणून किंवा शेतकऱ्याची घरची गाडी म्हणून काही अजून धावताहेत. या गाड्यांच्या दुखण्याला महामार्गालगतच्या गॅरेजांमध्ये एक ठरलेले निदान आहे: पंपाचे टायमिंग गेले. सकाळी गाडी सुरू होईना, टायमिंग. बिजासन घाटात ओढेना, टायमिंग. पांढरा धूर, काळा धूर, इंजिनचा ठोका, घटलेले ॲव्हरेज, सगळ्यांचे उत्तर तेच. मग पंपाचे नट सैल होतात, पंप जरा इंजिनकडे किंवा इंजिनपासून दूर फिरवला जातो, आवाज ऐकला जातो, नट आवळले जातात आणि पैसे दिले जातात. माझे म्हणणे असे आहे की ज्या तक्रारींसाठी पंप फिरवला जातो त्यांतल्या पुष्कळ तक्रारी टायमिंगच्या नसतातच. ज्या असतात त्यांतही टायमिंग का सरकले हे शोधल्याशिवाय आणि ते मोजल्याशिवाय पंपाला हात लावणे म्हणजे खरा दोष झाकून त्याची किंमत इंजिनकडून वसूल करणे होय.

टायमिंग इतके नाजूक का, हे आधी पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमध्ये नुसती हवा ओढली जाते, या जुन्या गाड्यांत ती वीस-बावीस पट दाबली जाते, दाबाने ती पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत नोझलने डिझेल फवारले की ते आपसूक पेटते. पेट्रोल गाडीत प्लग आणि डिस्ट्रिब्युटर जे काम करतात ते इथे पंपाच्या अंगावर येते. डिझेल किती द्यायचे हे तो ठरवतो आणि कधी द्यायचे हेही तोच. फवारा उडाल्यापासून जाळ धरेपर्यंत ढोबळमानाने सेकंदाचा हजारावा भाग जातो. हजार फेऱ्यांवर चालणारा क्रँक तेवढ्या वेळात सहा अंश फिरतो, चार हजार फेऱ्यांवर चोवीस अंश. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचायच्या काही अंश आधीच डिझेल सोडावे लागते. उशीर झाला तर पिस्टन खाली निघून गेल्यावर जाळ लागतो, ताकद सायलेन्सरवाटे गरम धूर होऊन जाते आणि थंडीत अर्धे डिझेल न जळताच डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर बनून बाहेर पडते. घाई झाली तर पिस्टन अजून वर येत असतानाच भडका त्याला खाली रेटतो, ठोका ऐकू येतो आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांच्यावर नको तो दाब पडतो. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे पंपावरचा एक अंश म्हणजे क्रँकवरचे दोन अंश. पंपाच्या मध्यापासून पाच सेंटीमीटरवर हा एक अंश मिलिमीटरहूनही थोडा कमी भरतो. सैल केलेला पंप अंगठ्याने ढकलताना दोन मिलिमीटर कधी सरकले हे हाताला कळत नाही, पण क्रँकवर ते साडेचार अंश झालेले असतात.

या गाड्यांची काही इंजिने परक्या घडणीची असली तरी त्यांचा जन्म आपल्याच राज्यातला आहे. महिंद्राने १९७९ साली फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी एक्सडीपी ४.९० या इंजिनासाठी करार केला आणि इगतपुरीत इंजिनांचा कारखाना उभा केला. नावातला चार म्हणजे सिलिंडर आणि नव्वद म्हणजे सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास, एकूण २११२ सीसी. ट्रॅक्समध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ या २३९९ सीसी इंजिनाची घडण होती, जे त्याआधी जर्मनीत टॅक्सींमध्ये लाखो किलोमीटर धावले होते. इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली, पिंपरीत बनणारी, १४०५ सीसी डिझेलची. पंप आणि नोझल यांवर बहुधा मायकोची मोहोर असे. बॉशच्या सहकार्याने १९५१ मध्ये बंगळुरात सुरू झालेल्या या कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाले, पण मेकॅनिकच्या तोंडी ती मायकोच राहिली. तिची नोझले नाशकात सातपूरला बनतात, म्हणजे सोनगीरहून त्याच महामार्गाने एका दिवसात जाऊन येता येईल इतक्या अंतरावर. एवढे सगळे हाताशी असताना इंजिनसोबतचे दुरुस्तीचे पुस्तक मात्र इंग्रजीतच राहिले आणि फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत क्वचितच पोचले. जे ज्ञान पोचले ते उस्तादाच्या हातून चेल्याच्या हाती. त्यात हाताचे कौशल्य आले, आकडे गळाले. पुढे जे सांगायचे आहे त्याचे मूळ या गळतीत आहे.

आता पहिला मुद्दा. टायमिंग आपोआप जात नाही. पंप इंजिनाला नटांनी जखडलेला असतो आणि गिअरने, चेनने किंवा दातेरी पट्ट्याने क्रँकशी बांधलेला असतो. नट घट्ट असतील आणि पंपाच्या फ्लँजवरची रेघ समोरच्या रेघेशी जुळत असेल तर पंप जागचा हललेला नाही, एवढे डोळ्यांनीच सिद्ध होते. मग टायमिंग सरकले असलेच तर ते मधल्या दुव्यात सरकले आहे. ट्रॅक्ससारख्या चेनच्या इंजिनात चेन वर्षानुवर्षे ताणली जाते आणि टायमिंग हळूहळू मागे पडते. इंडिकासारख्या पट्ट्याच्या इंजिनात पट्टा एक दात उडी मारू शकतो. क्रँकच्या पुलीला वीस दात धरले तर एक दात म्हणजे अठरा अंश, आणि पंप फिरवून अठरा अंश भरून काढायला जाणे हा धोका आहे. जो पट्टा एक दात सुटला तो उद्या दोन दात सुटेल आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. पंपाच्या शाफ्टवरची चावी झिजणे किंवा गिअरचा नट ढिला होणे हीही कारणे आहेत. यांतल्या प्रत्येक प्रसंगी पंप फिरवला की गाडी चार दिवस बरी चालते. त्या चार दिवसांत चेन, पट्टा किंवा चावी आपले काम बिघडवत राहते, कारण तिकडे कोणी पाहिलेलेच नसते.

दुसरा मुद्दा त्याहून सोपा आहे आणि मला तो सर्वांत निर्णायक वाटतो. टायमिंग हलते तेव्हा चारही सिलिंडरचे एकदम हलते. म्हणून इंजिन चालू असताना नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक करून सैल करायचे, ही प्रत्येक मेकॅनिकला ठाऊक असलेली चाचणी आधी करावी. डोळे आणि हात त्या फवाऱ्यापासून लांब ठेवावेत, कारण त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला आहे. एकच सिलिंडर मेलेला असेल, ठोका एकाच सिलिंडरमधून येत असेल, तर दोष त्या सिलिंडरच्या नोझलमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, रिंगांमध्ये किंवा पंपाच्या त्या एका वाटेत आहे. टायमिंगचा तिथे संबंध उरत नाही. त्या चाचणीला पाच मिनिटे लागतात आणि पंप फिरवायच्या कितीतरी वेळा ती तिथल्या तिथे थांबवू शकते.

नोझलचा विषय निघाला आहे तर त्यावर जरा थांबायला हवे, कारण टायमिंगचे सोंग सर्वांत हुबेहूब तेच वठवते. या जुन्या इंजिनांत नोझल साधारण सव्वाशे बारच्या आसपासच्या ठरावीक दाबाला उघडते. आतली स्प्रिंग थकली की ते कमी दाबाला, म्हणजे वेळेआधी उघडते. सुई झिजली की फवाऱ्याऐवजी थेंब गळतात. परिणाम: ठोका आणि काळा धूर. ठोका ऐकून मेकॅनिक पंप मागे घेतो. ठोका मऊ होतो, गाडीवाला समाधानाने जातो आणि शिरपूर ओलांडून पळासनेरचा चढ लागला की गाडी ओढत नाही. मग दुसऱ्या गॅरेजात पंप पुढे घेतला जातो. दोन्ही मेकॅनिकांनी आपापल्या परीने बरोबर ऐकले होते, पण दोघांनीही नोझल काढून दाब तपासला नव्हता. म्हणून क्रम असा हवा: आधी नोझल टेस्टरवर नोझल, मग टायमिंग. उलट क्रमाने केलेले टायमिंग नोझल बदलले की पुन्हा चुकते.

हवेचेही तसेच. टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेत कुठेही बारीकशी हवा शिरत असेल तर गाडी रात्रभर उभी राहिल्यावर डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी स्टार्टर दमेपर्यंत फिरवावा लागतो. लक्षणे थेट मागे पडलेल्या टायमिंगची. कारण पुष्कळदा डिझेलचा पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर. तांबे आवळले गेले की कडक होते. तेच वॉशर पुन्हा वापरले की ते बसत नाही, डिझेल गळत नाही इतकी बारीक फट राहते आणि तिच्यातून हवा मात्र ओढली जाते. सोनगीरच्या तांबट आळीत पोराटोरांनाही ठाऊक असते की ठोकून कडक झालेले तांबे लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ होते. बँजोच्या वॉशरलाही तीच प्रक्रिया लागू पडते. हवा आहे की नाही हे पाहायला पंपाच्या तोंडाशी हातभर पारदर्शक नळी जोडली की पुरते, बुडबुडे दिसतात. थंडीचा हीटर प्लगही तपासावा. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली बरेचदा उतरतो, आणि चारपैकी दोन प्लग गेलेल्या इंडिकाने पहाटे पांढरा धूर सोडत थरथरावे यात पंपाचा काय दोष? प्लगला बॅटरीची तार लावून तो तापतो की नाही हे बघायला फार वेळ लागत नाही.

पण खानदेशाचे खरे दुखणे थंडीचे नाही, उन्हाळ्याचे आहे. मे महिन्यात इकडे चव्वेचाळीस अंशांच्या आसपास तापमान जाते. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. अशा दुपारी तक्रार अशी असते: सकाळी गाडी एका चावीत सुरू झाली, दोंडाईचापर्यंत नीट गेली, तिथे दहा मिनिटे बंद केली आणि आता सुरूच होत नाही. धक्का मारूनही नाही. तासाभराने आपोआप होते. अनुभवी चालक यावर एक उपाय करतात. पंपावर ओले फडके टाकतात, वरून थंड पाणी सोडतात, आणि गाडी सुरू होते. हा उपाय म्हणजे एक अचूक चाचणी आहे. रोटरी पंपाच्या डोक्यात फिरणारा दांडा आणि त्याची बाही यांच्यात काही मायक्रॉनांचीच फट असते. ती फट डिझेलच्या दाटपणानेच बंद राहते. दांडा झिजला की फट वाढते. थंड डिझेल जरा दाट असल्यामुळे सकाळी निभावते. तापलेले डिझेल पातळ होऊन त्या फटीतून मागे निसटते, स्टार्टरच्या संथ वेगाला नोझल उघडण्याइतका दाब बनतच नाही. पंप थंड केला की डिझेल पुन्हा दाट होते. म्हणजे ओल्या फडक्याने गाडी सुरू झाली तर पंपाचे डोके झिजले आहे, टायमिंग तिथल्या तिथेच आहे. अशा गाडीचा पंप पुढे फिरवला तर गरम इंजिन सुरू व्हायला मदत होत नाही, उलट थंड इंजिन ठोकू लागते. हा पंप धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या पंप-नोझलच्या लॅबला न्यायचा, यंत्रावर चढवून मोजायचा आणि डोके बदलायचे. खर्च मोठा असतो, हे खरे. त्याला पर्याय नाही, हेही खरेच.

पंपाच्या आत टायमिंगचा आणखी एक भाग आहे, ज्याला नट सैल करून हात लागतच नाही. इंजिनचा वेग वाढला की डिझेल अधिक आधी सोडावे लागते, आणि रोटरी पंप हे स्वतःच करतो. त्याच्या आतला पात्यांचा छोटा पंप वेगाबरोबर दाब वाढवतो, तो दाब एका पिस्टनला ढकलतो, पिस्टन आतली कडी फिरवतो आणि टायमिंग पुढे जाते. पाती झिजली किंवा फिल्टर तुंबला की दाब बनत नाही आणि टायमिंग पुढे जात नाही. उभ्या गाडीत सगळे ठीक, रस्त्यावर वेग घेतला की दम नाही. इथे फ्लँज फिरवून पुढे घेतलेले टायमिंग उभ्या गाडीत फार पुढचे होते आणि धावत्या गाडीत तरीही अपुरे पडते. दोन्ही टोकांना चूक.

पंप का झिजतात याचे उत्तर गॅरेजात सापडत नाही, ते रस्त्यावर आहे. डिझेल हेच या पंपांचे वंगण. रॉकेल त्याहून पातळ आणि वंगणाला कुचकामी. सरकारी अनुदानामुळे रॉकेल आणि डिझेल यांच्या भावांत जोवर मोठी दरी होती तोवर भेसळ हा या महामार्गावरचा उघड धंदा होता. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ इंधनाची भेसळ पकडली आणि भेसळ करणाऱ्यांनी त्यांना जिवंत जाळले. त्या घटनेने राज्य हादरले. तिच्याकडे कायदा-सुव्यवस्थेची घटना म्हणून पाहिले गेले आणि ते योग्यच होते. पण त्या भेसळीचे डिझेल कोणाच्या टाकीत जात होते, हाही प्रश्न आहे. ते अशाच जीपांच्या पंपांतून गेले. काही मायक्रॉनांच्या फटी त्याने रुंदावल्या, आणि त्या पंपांचे 'टायमिंग गेले' म्हणून मालकांनी पुन्हा पुन्हा पैसे मोजले. दुसरे कारण कायदेशीर आणि चांगल्या हेतूचे आहे. २००० च्या सुमारास आपल्या डिझेलमध्ये दशलक्षात २५०० भागांपर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ डिझेलमध्ये ती मर्यादा दहा भाग आहे. हवेसाठी हे फार मोठे पाऊल. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचे नैसर्गिक वंगणही जाते, म्हणून रिफायनरीत वेगळे द्रव्य मिसळून ते भरून काढतात आणि प्रमाणित डिझेल पंपाला पुरेसे असते. जुन्या रबरी सीलांचा प्रश्न मात्र वेगळा. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांची सीले गळू लागल्याच्या तक्रारींचा पूर आला होता. सील आखडले की डिझेल बाहेर आणि हवा आत. म्हणजे पुन्हा तीच सकाळची अडचण, आणि पुन्हा टायमिंगवर आरोप.

सगळे तपासून झाले, नोझल नवे, हवा नाही, कॉम्प्रेशन ठीक, चेन-पट्टा जागेवर, आणि तरी शंका उरली तर टायमिंग मोजायचे. इनलाइन पंपात ही पद्धत डोळ्यांना दिसणारी आहे. पहिल्या सिलिंडरच्या पाइपाखालचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढायचा, तिथे हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी लावायची, हातपंपाने डिझेलचा दाब द्यायचा. नळीतून धार लागते. आता क्रँक पान्याने इंजिन फिरते त्याच दिशेने हळूहळू फिरवायचा. धार बारीक होते, तुटते, थेंब थेंब पडू लागतात. सेकंदाला एक थेंब अशी गती आली की थांबायचे. तो क्षण पंपाने डिझेल दाबायला सुरुवात केल्याचा. पुलीवरच्या खुणेवर किती अंश आहेत ते वाचायचे. मर्सिडीजच्या मूळ पुस्तकात ओएम ६१६ साठी हा आकडा माथ्याच्या आधी चोवीस अंश आहे. खूण ओलांडली गेली तर थोडे मागे आणून चालत नाही. मागे फिरवले की चेनचा ढिलेपणा दुसऱ्या बाजूला जातो आणि वाचन खोटे येते. क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारून पुन्हा यावे लागते. इंडिकासारख्या रोटरी पंपात डोक्याच्या मध्यभागचा स्क्रू काढून तिथे डायल गेज बसवायचा. थंडीतल्या स्टार्टसाठी टायमिंग पुढे ओढणारी तार असेल तर ती आधी मोकळी सोडायची, नाहीतर पुढचे सगळे मोजमाप वाया. क्रँक मागे फिरवून गेजचा काटा जिथे स्थिर होतो तिथे शून्य धरायचे, मग क्रँक पुढे आणून पहिला पिस्टन माथ्यावर ठेवायचा आणि प्लंजर किती उचलला गेला ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागात वाचायचे. हा आकडा इंजिनागणिक वेगळा असतो, पुस्तकातलाच घ्यायचा. पंप फिरवायचा तो या आकड्यासाठी, आणि नट आवळल्यावर पुन्हा दोन फेरे मारून तो तसाच येतो की नाही हे पाहायचे, कारण आवळताना पंप हलतो.

यावर पहिला आक्षेप उस्तादांचा, आणि तो हलका नाही. गेजशिवाय हजारो गाड्या कानावर लावल्या आणि त्या चालल्या, मग कान खोटा कसा? कानाचा मी अपमान करत नाही. तांबट भांडे घडवताना हातोडीच्या नादावरून पत्रा कुठे जाड, कुठे पातळ हे ओळखतो आणि तो बरोबरच असतो. पण त्याचा नाद आणि भांडे यांच्यात दुसरे काही नसते, आणि चुकले तर तो पुन्हा ठोकतो. इंजिनचा आवाज चार-पाच कारणांचा मिळून बनतो. शिवाय कान ऐकतो तो गॅरेजात उभ्या, बिनओझ्याच्या इंजिनाचा. आतला आपोआप पुढे जाणारा भाग त्या वेगाला झोपलेला असतो. गाडीचे काम आहे दहा-बारा माणसे भरून अडीच हजार फेऱ्यांवर घाट चढण्याचे, आणि तो आवाज गॅरेजात कोणी ऐकत नाही. याहून मोठी अडचण ही की कान बहुधा एकाच बाजूला चुकतो. टायमिंग जरा पुढे घेतले की उभ्या गाडीचा आवाज ठसठशीत होतो, रेस दिली की ती चटकन उचलते, आणि मालकाला ते आवडते. म्हणून बहुतेक खेपांना ते थोडे पुढेच जाते. तीन-चार गॅरेजे फिरलेल्या गाडीचे टायमिंग असे कुठल्या कुठे पोचलेले असते, आणि मग एका उन्हाळ्यात हेड गॅस्केट उडते तेव्हा दोष पाण्याला किंवा रेडिएटरला दिला जातो. कान तुलना करायला उत्तम, आकडा सांगायला अपुरा. गेजने लावलेल्या गाडीचा आवाज जो कान रोज ऐकेल तो कान पुढे अधिक धारदारच होईल.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि पैशाचा. काळीपिवळीवाल्याचा दिवस बुडाला की घरची चूल अडते, त्याला अर्ध्या तासात गाडी हवी असते, आणि मेकॅनिकला नुसते तपासण्याचे पैसे कोणी देत नाही. हा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. पंप फिरवला तर काम दिसते, फिरवू नये असे ठरवले तर काम दिसत नाही, आणि आपल्याकडे मोबदला दिसणाऱ्या कामाला मिळतो. पण हिशेब पूर्ण मांडावा. डायल गेज आणि त्याचा अडॅप्टर काही हजारांच्या आत येतो आणि पिढीभर टिकतो. पारदर्शक नळी, तांब्याचे वॉशर, पाइप सैल करून पाहणे यांना खर्च जवळजवळ नाहीच. ही सगळी तपासणी तासाभराची. दुसऱ्या बाजूला चुकीच्या टायमिंगवर धावणारी गाडी दर फेरीला जास्त डिझेल पिते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलच्या दरावरचे सरकारी नियंत्रण उठले, तेव्हापासून हा तोटा थेट मालकाच्या खिशातून जातो. वाया गेलेले डिझेल कोणाच्या बिलावर लिहिलेले नसते म्हणून ते फुकट ठरत नाही.

तिसरा आक्षेप शहरातून येतो: या गाड्या कशाला जपायच्या, भंगारात काढा. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या खासगी मोटारीच्या फेरनोंदणीचा आकार सहाशेवरून पाच हजार रुपये झाला. जुने डिझेल इंजिन नव्याच्या तुलनेत हवा अधिक घाण करते यात वादच नाही, आणि सोनगीरच्या लोकांनाही फुप्फुसे आहेत. पण गाडी भंगारात कधी जाईल हे मालकाची ऐपत ठरवते. तोवर ती धावणारच. ती धावते त्या वर्षांत तिने किती धूर सोडावा हा प्रश्न मेकॅनिकच्या हातात आहे. पीयूसी तपासणी इथे पुरेशी पडत नाही. डिझेल गाडीत ती फक्त धुराचा दाटपणा मोजते, बीएस-४ च्या आधीच्या गाडीला ६५ हार्ट्रिजची मर्यादा आहे, आणि ती पार करायला पंपाचा डिझेलचा स्क्रू मागे घेतला की काम होते. धूर जातो, ओढ जाते, आठवड्याने स्क्रू पुन्हा पुढे. आणखी एक गुंता प्रामाणिकपणे मांडायला हवा. टायमिंग पुढे घेतले की काळा धूर कमी दिसतो, पण ज्वाळेचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात, आणि ती पीयूसीच्या यंत्राला दिसत नाहीत. म्हणजे कानालाही पुढचे टायमिंग आवडते आणि धुराच्या यंत्रालाही. दोघेही एकाच बाजूला ढकलत असताना पुस्तकातला आकडा आणि तो दाखवणारा गेज एवढीच एक गोष्ट मध्ये उभी राहू शकते.

आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि धुळ्यात, शिरपुरात त्यातून मुले बाहेर पडतात. नव्या कॉमन रेल गाड्यांत टायमिंग संगणक ठरवतो, त्यामुळे हा भाग शिकवण्यात कोणाला रस उरत नाही. पण ट्रॅक्टर, विहिरीवरचे डिझेल इंजिन, थ्रेशर, जुन्या जीपा यांत असाच यांत्रिक पंप आहे आणि खानदेशात त्यांची संख्या मोटारींहून कमी नसावी. या अभ्यासक्रमाला मराठीत चार पानांचा तक्ता जोडता येईल: इंजिनाचे नाव, टायमिंगचा आकडा, नोझलचा दाब, तपासणीचा क्रम. प्रत्येक गॅरेजने मोजलेला आकडा तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने लिहावा आणि पंपाच्या फ्लँजवर छिन्नीची एकच रेघ ठेवावी, जुन्या तीन-चार रेघा घासून काढाव्यात. पुढचा मेकॅनिक आला की त्याला आधी ती रेघ दिसेल, आणि नट सैल करण्याआधी चेनकडे, वॉशरकडे, नोझलकडे बघायचे की नाही हे त्याला त्या रेघेवरूनच ठरवता येईल. या मोजणीचे दोनशे-तीनशे रुपये वेगळे लावावेत, आणि पंप फिरवावा लागला नाही तरी ते घ्यावेत.